दैवाची रुंदी

महाभारताच्या वनपर्वात एक अजब मोजणी आहे. विदर्भाच्या दमयंतीचं पुन्हा स्वयंवर होणार असा निरोप येतो आणि अयोध्येचा राजा ऋतुपर्ण घाईघाईनं निघतो. रथ हाकणारा बाहुक म्हणजे रूप पालटलेला नळ. द्यूतात राज्य घालवलेला, बायकोला, याच दमयंतीला, अरण्यात सोडून आलेला आणि आता परक्या राजाच्या पागेत चाकरी करणारा. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण त्याकडे बघतो आणि सांगून टाकतो : या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि दोन हजार पंच्याण्णव फळं. (पानांचा आकडा पुराणाच्या सढळ हातानं दिलेला, ते सोडून देऊ.) बाहुकाचा विश्वास बसत नाही. उशीर होईल म्हणून राजा कुरकुरतो, तरी तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजतो. आकडा जुळतो.

हे कसं जमलं, असं बाहुक विचारतो. ऋतुपर्ण सांगतो की त्याला ‘अक्षहृदय’ येतं, म्हणजे फाशांचं मर्म ठाऊक आहे, आणि म्हणूनच गणतीही येते. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, तेव्हा झाडाची निवड सहज झालेली नाही. नळ आपली अश्वविद्या देऊ करून त्या बदल्यात ही विद्या मागून घेतो. ती मिळते त्याच क्षणी, इतकी वर्षं त्याच्या अंगात ठाण मांडून बसलेला कली विष ओकत बाहेर पडतो.

या गोष्टीतला बारकावा असा, की नळाची सुटका व्रतानं, शांतीनं किंवा उतार्‍यानं होत नाही. फासे कसे पडतात हे कळल्यावर होते. दैव म्हणून जे अंगात भरलं होतं, त्याला मोजमाप मिळालं. आता प्रश्न असा, की दैवाला मोजमाप मिळालं म्हणजे नेमकं काय मिळालं, आणि काय मिळालं नाही?

युरोपात हे मोजमाप एका निर्वासितानं कागदावर आणलं. अब्राहम द म्वाव्र हा फ्रान्समधला प्रोटेस्टंट. १६८५ साली तिथल्या राजानं प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर तो लंडनला आला. मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या आणि कॉफी हाउसमध्ये बसून जुगार्‍यांना आणि विमेवाल्यांना शक्यतांचा हिशेब करून द्यायचा, यावर त्याचं पोट चाले. १२ नोव्हेंबर १७३३ ही तारीख असलेलं काही पानांचं लॅटिन टिपण त्यानं मित्रांपुरतं छापलं. नाणं फार वेळा उडवलं तर छापे किती पडतील, याचं सोपं उत्तर त्यात होतं. ३,६०० वेळा नाणं उडवा. सरासरीनं १,८०० छापे अपेक्षित. पण तंतोतंत १,८०० क्वचितच येतील. प्रश्न आहे तो किती इकडेतिकडे याचा. द म्वाव्रनं दाखवलं की १,७७० ते १,८३० यांच्या दरम्यान छापे पडण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. हे ३० म्हणजेच आजच्या पाठ्यपुस्तकातलं प्रमाण विचलन. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक विचलन घेतलं तर शंभरातले ६८ आत येतात, दोन घेतली तर ९५, तीन घेतली तर जवळजवळ सगळे. कागदावर काढलं तर देवळातली घंटा उपडी ठेवल्यासारखी आकृती दिसते. कॉलेजात तिला प्रसामान्य वितरण म्हणतात, आणि बारावीनंतर बहुतेकांचा तिच्याशी संबंध संपतो.

द म्वाव्रला मात्र ही नुसती युक्ती वाटली नाही. नाणं बेशिस्त आहे, पण हजारो नाणी मिळून शिस्तीत वागतात. ही शिस्त कुठून आली? जगाच्या मूळ योजनेतूनच, म्हणजे ईश्वराकडून, असं त्यानं आपल्या ‘डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस’ या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत लिहून ठेवलं.

या युक्तिवादाला पार्श्वभूमी होती. १७१० साली अॅन राणीचा वैद्य जॉन आर्बथनॉट यानं लंडनच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी काढल्या होत्या. १६२९ पासूनची ८२ वर्षं. प्रत्येक वर्षी मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त. मुलगा की मुलगी हा जर नाणेफेकीचा खेळ असेल, तर सलग ८२ वेळा छापा पडण्याची शक्यता किती? एक भागिले ४.८ गुणिले दहाचा चोविसावा घात. म्हणजे नाहीच म्हणा ना. तेव्हा हा योगायोग नव्हे, विधात्याची काळजी आहे, असा आर्बथनॉटचा निष्कर्ष. पुरुष युद्धात आणि समुद्रावर जास्त मरतात, म्हणून देव आधीच थोडे जास्त पाठवतो. जाता जाता त्यानं त्यातून बहुपत्नीत्व निसर्गाविरुद्ध असल्याचंही सिद्ध करून टाकलं. एकदा देवाची सही मिळाली की माणसं खाली बरंच काही लिहून घेतात.

बाझेलच्या प्रसिद्ध गणिती घराण्यातल्या निकोलस बर्नुलीनं त्यातली गफलत काढली. नाणं सरळच आहे हे कुणी सांगितलं? ३५ बाजूंचा फासा घ्या, १८ बाजूंवर मुलगा, १७ बाजूंवर मुलगी. आता वर्षाला १४,००० जन्म धरा. मुलगे अपेक्षित ७,२००. निम्म्यापेक्षा दोनशे जास्त. प्रमाण विचलन किती? १४,००० ला चारनं भागून वर्गमूळ काढलं की साधारण ५९. म्हणजे एखाद्या वर्षी मुलगे निम्म्याच्या खाली जायला फासा सुमारे ३.४ विचलनं घसरावा लागेल. घंटेच्या कडेला इतक्या लांब उरतात दहा हजारांत तीन-चार. अशी ८२ वर्षं ओळीनं निभावण्याची शक्यता निघते सुमारे ९७ टक्के. आर्बथनॉटला जे अशक्य वाटलं ते जवळजवळ ठरलेलंच होतं. चमत्कार उरला नाही, उरला किंचित कललेला फासा.

द म्वाव्र गप्प बसणारा नव्हता. ठीक आहे, पण १८ आणि १७ बाजूंचा तो फासा घडवला कुणी, असा त्याचा उलटा सवाल. वाद इथं अडला आणि दोनशे वर्षं अडूनच राहिला. १९३० मध्ये रोनाल्ड फिशरनं त्याला जीवशास्त्रातून उत्तर दिलं. ज्या लिंगाची संख्या कमी होते त्याला जोडीदार मिळण्याची संधी वाढते, त्यामुळे ते जास्त निपजणार्‍यांची वंशवेल फोफावते, आणि पिढ्यान्पिढ्या तराजू आपोआप जवळपास समान येतो. फासा घडवणारा हात नाही, फासा स्वतःच घडत जातो. श्रद्धावान अर्थातच एक पायरी वर सरकून विचारू शकतो, की मग हा नियम कुणी केला? विचारू दे. पण दर खेपेला हात एकेक पायरी मागे सरकतो आहे, हे त्यालाही दिसत असतं.

मात्र या घंटेच्या रेषेला हात दिसतच नाहीत असं नाही. फ्रान्सचा लाप्लास ईश्वराला गृहीत न धरता विश्वाचा हिशेब मांडणारा म्हणून प्रसिद्ध. त्यानं १७४५ ते १७८४ या काळातले पॅरिसचे बाप्तिस्मे तपासले : ३,९३,३८६ मुलगे आणि ३,७७,५५५ मुली. गुणोत्तर २५ ला २४. फ्रान्समध्ये इतरत्र ते २२ ला २१ होतं. फरक डोळ्यांना दिसणारही नाही इतका लहान. पण साडेसात लाखांवर आकडे असताना तो निव्वळ नशिबानं पडण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी भरते. लाप्लासला ते खटकलं. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते पॅरिसच्या अनाथाश्रमात. आसपासच्या खेड्यांतली माणसं नको असलेली तान्ही मुलं तिथं आणून सोडत, आणि सोडताना मुलगे ठेवून मुली जास्त सोडत. त्या मुलींचे बाप्तिस्मे पॅरिसच्या वहीत चढले होते. विधात्याचा हात शोधायला निघालेल्या गणिताला खेडुताचा हात सापडला.

हाच हिशेब महाराष्ट्रात आणून बघावा लागतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. निसर्गाच्या फाशानं हजारामागे साधारण ९५० असायला हव्यात. एक लाख बालकं धरली तर मुली अपेक्षित ४८,७००, प्रत्यक्षात निघतात ४४,६६० च्या आसपास. प्रमाण विचलन अवघं १५८. तूट सुमारे चार हजारांची, म्हणजे पंचवीसहून अधिक विचलनं. आर्बथनॉटच्या ८२ वर्षांच्या योगाची शक्यता लिहायला २५ आकडे पुरले होते. इथं शंभराहून जास्त शून्यं लागतील. यात जन्मानंतरच्या हेळसांडीचाही वाटा आहे, पण मुख्य कारण कुणाला सांगायला नको. गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ सालीच केला होता, देशानं १९९४ मध्ये. ‘मुलगा-मुलगी देवाच्या हातात’ असं तोंडानं म्हणत सोनोग्राफीच्या खोलीत शिरणार्‍या समाजाविरुद्ध याहून नेमका साक्षीदार मिळणार नाही. घंटेच्या आकृतीला देव दिसत नाही, पण देवाच्या नावावर खपवलेली माणसाची करणी ती चोख दाखवते.

याच आकृतीला काहींनी देवही करून ठेवलं. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यानं ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं मांडली. ३३ इंचांचे तिघे, ४८ इंचांचा एकटा, आणि मधे ४० इंचांचे १,०७९. प्रसामान्य रेषेनुसार ३९.५ ते ४०.५ इंचांमध्ये अकराशेच्या आसपास यायला हवेत, म्हणजे मेळ चांगलाच. इथपर्यंत ठीक. पण ही रेषा केटलेला माहीत होती ती आकाशाच्या वेधांतल्या चुकांवरून : तारा एका जागी असतो, दुर्बिणीतून घेतलेले वेध त्याच्या भोवती विखुरतात. मग त्यानं उलट तर्क केला. माणसंही कुठल्यातरी एका आदर्शाभोवती विखुरलेले चुकलेले वेध असणार! निर्मात्याच्या मनात होता तो सरासरी माणूस, बाकीचे आपण सगळे नेम हुकलेले. प्लेटोचा आदर्श आकार बेल्जियन टोपी घालून परत आला होता.

चार्ल्स डार्विनचा नातलग फ्रान्सिस गाल्टन यानं हे उलटं केलं. त्यानं एक पेटी बनवली होती. वर नरसाळं, मधे खिळ्यांच्या रांगा, खाली कप्पे. नरसाळ्यातून छर्रे सोडायचे. प्रत्येक छर्रा प्रत्येक रांगेत एका खिळ्यावर आपटून डावीकडे किंवा उजवीकडे वळतो; कुठला छर्रा कुठं जाईल हे कुणी सांगू शकत नाही; आणि खाली दरवेळी तीच घंटा उभी राहते. गाल्टन तिच्या इतका प्रेमात पडला की प्राचीन ग्रीकांना हा नियम ठाऊक असता तर त्यांनी त्याची देवता करून पूजा केली असती, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. पण त्याला मधले छर्रे नको होते, उजव्या टोकाचे हवे होते. सरासरी म्हणजे सामान्य, आणि सामान्य म्हणजे हिणकस. निवडक माणसांची पैदास करण्याच्या कल्पनेला ‘युजेनिक्स’ हे नाव त्यानंच १८८३ मध्ये दिलं.

त्या नावाची संस्था पुढं बर्लिनमध्ये उभी राहिली, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथं एक मराठी बाई कवट्या मोजत बसली होती. इरावती कर्वे. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचं गृहीतक असं, की युरोपीय माणसाची कवटी एका बाजूला जास्त भरलेली असते आणि त्याची बुद्धी त्यातून येते. इरावतीबाईंनी मापं घेतली, तक्ते मांडले, आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही असं मार्गदर्शकाच्याच संस्थेत लिहून दिलं. आकडे फिशरच्या संस्थेतले, पद्धत गाल्टनच्या परंपरेतली, निष्कर्ष दोघांनाही न मानवणारा. रेषा कुणाच्याच बाजूची नसते, ती कुणाच्या हातात आहे यावर बरंच अवलंबून असतं.

पुण्यात हा मोजमापाचा प्रश्न थेट दैवाच्या दारात जाऊन विचारला गेला. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष केलेले प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. समितीच्या कार्यकर्त्यांनी हुशार म्हणून ओळखल्या जाणार्‍या १०० आणि मतिमंद असलेल्या १०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. घाटपांडे यांनी पत्रिका केल्या. लखोट्यांवर सांकेतिक क्रमांक पडले, किल्ली विद्यापीठात कुलूपबंद. प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका पाठवायच्या आणि त्यानं एवढंच सांगायचं : हुशार की मतिमंद? ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली.

निकाल वाचायला तीच घंटा लागते. नाणं उडवून उत्तरं दिली तरी ४० पैकी सरासरी २० बरोबर येतील, आणि प्रमाण विचलन ३.१६. म्हणून दखल घेण्याजोगी खूण निदान २८ ला ठेवली होती. नुसत्या नशिबानं तिथं पोचणारे हजारात आठ. प्रत्यक्षात कुणी पोचलं नाही. सर्वांत वरचा आकडा होता २४. एखाद्या गल्लीत चोवीसवाल्या ज्योतिषीबुवांचा बोलबाला होऊ शकतो : साठ टक्के अचूक! पण नाणं उडवणार्‍या कुणालाही २४ किंवा अधिक गुण मिळण्याची शक्यता शंभरात तेरा आहे. २७ जणांनी नाणी उडवली असती तर तिघाचौघांना इतके मिळाले असते. एका संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर. विचलन सातच्या वर असताना दोनचं अंतर म्हणजे काहीच नाही.

आता गंमत. सगळ्यांची मिळून सरासरी होती ४६ टक्के. पन्नासपेक्षा कमी. २७ गुणिले ४० म्हणजे १,०८० उत्तरं धरली, तर प्रमाण विचलन येतं साधारण १६, आणि ४६ टक्के म्हणजे अपेक्षेपेक्षा ४३ नं कमी. अडीच विचलनांहून जास्त. कडक हिशेब करणारा म्हणेल की ज्योतिषी योगायोगापेक्षाही वाईट ठरले, तेव्हा त्यांना विचारून उलटं करावं! ही कोटी करायचा मोह अंधश्रद्धा निर्मूलन करणार्‍यांनाही होतो, आणि ती चूक आहे. पत्रिका होत्या दोनशे आणि उत्तरं १,०८०. म्हणजे एकच पत्रिका सरासरीनं पाच जणांकडे गेलेली. पाचही जण त्याच ग्रंथांतले तेच नियम लावणारे. एक चुकला तर पाचही चुकणार. छर्र्यांनी एकमेकांचे हात धरले की गाल्टनच्या पेटीत घंटा उभी राहत नाही, पसरट ढीग होतो. स्वतंत्रता ही त्या रेषेची अट आहे. ती मोडली की १६ हा आकडा खोटा ठरतो. जो काटा ज्योतिषाला लावायचा तोच आपल्या आवडत्या निष्कर्षालाही लावावा लागतो. दाभोलकरांचा २०१३ मध्ये पुण्यात खून झाला. अठ्ठावीसची खूण गाठून दाखवावी हे प्रयोगाचं आव्हान मात्र अजून तसंच उभं आहे.

पत्रिकेच्या मुळाशी असलेली जन्मवेळ हीसुद्धा मोठी तात्त्विक भानगड आहे. वेळ अखंड वाहते, तिला नाण्यासारख्या दोनच बाजू नाहीत. बाळ सकाळी सहा ते सातच्या दरम्यान जन्मेल याची काहीतरी शक्यता सांगता येते. सहा बेचाळीस ते सहा त्रेचाळीसची सांगता येते, आणखी बारीक. पण नेमक्या एका क्षणाची, ज्याला जाडीच नाही अशा क्षणाची? शून्य. संतत वितरणाचा हा नियमच आहे : शक्यता म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ, आणि एका बिंदूवर क्षेत्रफळ नसतं. तरीही प्रत्येक जण नेमक्या कुठल्यातरी एका क्षणी जन्मतोच. ज्याची शक्यता शून्य होती ते रोज, प्रत्येक प्रसूतिगृहात घडतं. शून्य शक्यता म्हणजे अशक्य, ही आपली समजूत इथं लंगडी पडते. ज्योतिषानं यावर व्यवहारी तोडगा काढला आहे : वेळेचे तुकडे करायचे. एक लग्न साधारण दोन तासांचं, एक नवमांश सव्वातेरा मिनिटांच्या आसपास. हल्ली मुहूर्त बघून सिझेरियन करून घेणारी कुटुंबं त्या तुकड्यातला हवा तो निवडतात, आणि मग नशीब बाळाचं की शस्त्रक्रियेच्या वेळापत्रकाचं, हे ग्रहांनाही सांगता यायचं नाही.

साडेसातीचंही असंच एक शास्त्रीय भावंड आहे. १९१० साली मँचेस्टरमध्ये रदरफर्ड आणि गायगर यांनी पोलोनियममधून उडणार्‍या कणांच्या ठिणग्या मोजल्या. एकेका निरीक्षणाचा कालखंड होता मिनिटाचा आठवा भाग, म्हणजे बरोबर साडेसात सेकंद. असे २,६०८ कालखंड. प्रत्येकात सरासरी ३.८७ ठिणग्या. पुढची ठिणगी येईपर्यंत किती थांबावं लागेल, हे सांगणारं वितरण घंटेसारखं नसतं. ते सुरुवातीला उंच आणि मग उतरणीला लागलेलं असतं. त्यावरून साडेसात सेकंद पूर्ण कोरडे जाण्याची शक्यता निघते दोन टक्क्यांच्या किंचित वर, म्हणजे २,६०८ पैकी ५४. प्रत्यक्षात कोरडे गेले ५७. आणि या उतरत्या रेषेचा स्वभाव विलक्षण : तिला आठवण नसते. पाच सेकंद कोरडे गेले म्हणून सहाव्यात ठिणगी पडण्याची शक्यता कणभरही वाढत नाही. इतकं सोसलं, आता तरी चांगले दिवस यावेत, असा साडेसातीच्या शेवटच्या अडीचकीत माणसाला जो धीर असतो, तो पोलोनियमला नाही. अर्थात माणसाचं आयुष्य म्हणजे पोलोनियम नव्हे. त्यात एका संकटाचं दुसर्‍याशी नातं असतं, कर्जानं आजार वाढतो आणि आजारानं कर्ज. तिथं आठवणविरहित रेषा लावणंही तितकंच चुकीचं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्याची पाच कारणं दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. शेताला लावून बघितलं तर अधिष्ठान म्हणजे जमीन, कर्ता शेतकरी, करण म्हणजे बियाणं-अवजारं, चेष्टा म्हणजे मशागत. हे चारही सारखे ठेवले तरी शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत पीक सारखं येत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर रोनाल्ड फिशरनं नेमकं हेच मांडलं, आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतात पीककापणीच्या पाहण्या बसवताना यावरच बारकाईनं काम केलं. ज्ञात कारणांचा वाटा वजा करायचा आणि खाली जे उरेल त्याचा फैलाव मोजायचा. संख्याशास्त्र त्या उरलेल्याला ‘त्रुटी’ म्हणतं. गीता त्याला दैव म्हणते. शब्दाची निवड करायची तर गीतेचा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्रुटी म्हटलं की चूक कुणाची, असा प्रश्न उगाच उभा राहतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गीतेच्या यादीत दैव पाचवं आहे, एकमेव नाही, आणि ते आधीच्या चारांनंतर येतं. आपल्याकडे कापूस बुडाला की पहिलं बोट त्याच्याकडेच जातं.

तरीही एका जागी ही सगळी विद्या थांबते. पुण्याच्या प्रयोगातल्या शंभर मतिमंद मुलांच्या आईबापांनी जन्मवेळ लिहून दिली तेव्हा त्यांच्या मनात जो प्रश्न असेल, तो चाळीस लखोट्यांत कुठंच नव्हता. शंभरात किती, हे घंटेची आकृती सांगते. त्या शंभरात आमचंच का, याचं उत्तर ना तिच्याकडे आहे ना तिच्यावरून ज्योतिषाला नापास करणार्‍यांकडे. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातलं ते याच पेचापायी. पूर्वकर्म असं म्हटलं तर आईबापांवर आरोप ठेवल्यासारखं होतं, योगायोग म्हटलं तर रिकामं वाटतं. दोन्हींपैकी रिकामं उत्तर निदान कुणाला गुन्हेगार ठरवत नाही.

नळाची गोष्ट पुढं अशी जाते : कली निघाला तो त्याच बेहड्यात शिरला, आणि तेव्हापासून ते झाड अप्रशस्त मानलं गेलं. नळ दमयंतीला भेटला, निषध देशी परतला आणि द्यूतात राज्य जिंकून घेतलेल्या आपल्या भावाला, पुष्कराला, पुन्हा खेळायला बसवलं. एकाच डावात सगळं राज्य परत जिंकलं. एका डावावरून अक्षहृदयाबद्दल काही सिद्ध होत नाही, असं कुंटे सरांच्या विभागात कुणीही सांगेल. नळानं दुसरा डाव मांडला नाही. पुष्कराला त्याचा वाटा देऊन घरी पाठवलं.